रक्ताचा कागद हाती आला, आता पुढे?

भाद्रपदाचे दिवस. सोयाबीन शेंगांवर आलेले आणि घरोघरी कोणी ना कोणी तापाने फणफणलेले. अशाच एका घरातली ही गोष्ट. ती कोणत्या गावची, हे विचारू नका. तुमच्याही आळीत ती घडून गेली असेल.

घरातल्या सुनेला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी तालुक्याला नेऊन रक्त तपासले. संध्याकाळी मुलाच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. त्यात एक आकडा ठळक छापलेला आणि त्याच्यापुढे चांदणी: प्लेटलेट १,१२,०००. 'पेशी कमी झाल्या' एवढे शब्द वाऱ्यासारखे आळीभर गेले. कोणी म्हणाले डेंग्यू, कोणी म्हणाले आजच्या आज शहरात हलवा. रात्री दहाला गाडी ठरली. फवारणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे बाहेर निघाले. दवाखान्यात तीन दिवस काढून सून घरी आली. ताप साधा विषाणूचा निघाला, पेशी आपोआप वाढल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता त्याच कागदाची पहिली ओळ पाहा. हिमोग्लोबिन ७.६. त्याही आकड्यापुढे चांदणी होती. त्याबद्दल मात्र घरात कोणी चकार शब्द काढला नाही. दवाखान्यातून निघताना मिळालेल्या लोहाच्या गोळ्या फळीवर पडून राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बायकांचं रक्त कमीच असतं. कामाला लागलीस की बरं वाटेल."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे हे झाले. ज्या आकड्याने आपणहून बरे व्हायचे होते त्यासाठी घर धावले, आणि जो आकडा त्या बाईची ताकद वर्षानुवर्षे खात होता तो कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. म्हणून हा लेख. रक्ताच्या कागदावरून घरच्या घरी औषधे ठरवावीत, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. ते काम डॉक्टरांचे. पण घाबरायचे कुठे आणि थांबायचे कुठे, डॉक्टरांना विचारायचे काय आणि सांगायचे काय, एवढे प्रत्येक घराला कळलेच पाहिजे.

मातीचा कागद आणि रक्ताचा कागद

तुम्ही माती तपासून घेता. कागदावर सामू येतो, नत्र, स्फुरद, पालाश येते. सामू ८ आला म्हणून कोणी रान विकायला काढत नाही. पीक कोणते, पाणी कोणते, गेल्या साली खत काय टाकले, हे पाहून मग जाणकार सल्ला देतो. रक्ताच्या कागदाचेही तसेच आहे. आकडा एकटा काही बोलत नाही. तो माणसाशेजारी ठेवून वाचावा लागतो. वय किती, बाई गरोदर आहे का, ताप कितव्या दिवशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

कागदाच्या उजव्या बाजूला जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती कशी ठरते हेही समजून घ्या. पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासतात. शंभरांपैकी मधल्या ९५ जणांचे आकडे ज्या हद्दीत बसतात, ती साधारणपणे सामान्य मर्यादा मानतात. म्हणजे उरलेले ५ जण धडधाकट असूनही हद्दीबाहेर राहतात. एका कागदावर वीस-पंचवीस आकडे असतात. तेव्हा निरोगी माणसाच्या कागदावरही एखादी चांदणी दिसायचीच. यंत्र चांदणी छापते ती हद्द ओलांडली म्हणून. रोग आहे की नाही, हे यंत्राला कळत नाही.

शिवाय रक्त घेताना नीट धार लागली नाही, नळी वेळेवर हलवली नाही, नमुना उन्हात बराच वेळ राहिला, तरी आकडे बिघडतात. म्हणून एखादा आकडा माणसाच्या प्रकृतीशी अगदीच जुळत नसेल, तर पहिला प्रश्न हा विचारावा: "डॉक्टर, ही तपासणी पुन्हा एकदा करून पाहायची का?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर स्वतःच तसे करतात.

तांबड्या पेशी: दुर्लक्षित आकडा

सीबीसी नावाची जी नेहमीची तपासणी असते, तिच्यात रक्तातल्या तीन घराण्यांची मोजदाद असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट जखमेतले रक्त थांबवायला मदत करतात. गावाकडे पुष्कळदा प्लेटलेटनाच 'पांढऱ्या पेशी' म्हणतात आणि त्यातून मोठा गोंधळ होतो. ही दोन घराणी वेगळी आहेत, हे पक्के ध्यानात ठेवा.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतले प्राणवायू वाहणारे द्रव्य. प्रौढ पुरुषात ते १३ च्या खाली, बाईत १२ च्या खाली आणि गरोदर बाईत ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदर नसलेल्या बाईत ८ च्या खाली आणि गरोदरपणी ७ च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. आपल्या गोष्टीतल्या सुनेचे ७.६ होते. म्हणजे ती तीव्र रक्तक्षय घेऊन निंदणी करत होती, पाणी भरत होती, धुणी धूत होती. दम लागतो, छाती धडधडते, पाय जड होतात, चिडचिड होते. घरचे म्हणतात, "हिला कामाचा कंटाळा." कंटाळा नव्हे, प्राणवायू कमी पडतो आहे!

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणी रक्तक्षयाच्या आढळल्या. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. 'बायकांचं रक्त कमीच असतं' हे म्हणणे यातूनच रुळले. पण जे पुष्कळांना आहे ते ठीकच आहे, असे थोडेच असते? शिवारातल्या निम्म्या झाडांना कीड लागली म्हणून आपण कीड चालवून घेत नाही. गरोदर बाईला हा रक्तक्षय असेल तर मूल कमी वजनाचे होऊ शकते. बाळंतपणात इतर बाईला सोसेल एवढा रक्तस्रावही तिला सोसत नाही, जिवावर बेततो.

कारण काय? बहुतेक वेळा लोहाची कमतरता. पाळीत फार रक्त जाणे, एकामागून एक बाळंतपणे, घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणे, आणि अनवाणी शेतात वावरल्याने पायातून शिरणारे अंकुशकृमी. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. म्हणून डॉक्टर लोहाबरोबर जंताची गोळीही देतात.

लोहाची गोळी घ्यायची रीत अशी. चहा किंवा दूध यांच्याबरोबर ती घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागते. शौचास काळी होते, त्याला भिऊ नये. मळमळ झाली तर गोळी सोडून न देता रात्री जेवणानंतर घ्यावी. नीट घेतल्यास महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम तरी चढायला हवे. आकडा पूर्ववत झाल्यावरही गोळ्या आणखी तीनेक महिने चालू ठेवतात, कारण अंगातले रिकामे कोठार भरायचे असते. कणगी भरल्याशिवाय बेगमी झाली असे आपण म्हणतो का?

आहारात पालेभाज्या, अळिवाचे लाडू, कडधान्ये, तीळ, आणि खात असाल तर अंडी, मटण व कलेजी ठेवा. बीट तांबडे असते म्हणून त्याने रक्त वाढते, हा समज मात्र फोल आहे. त्यात लोह बेताचेच असते. आणि हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेले असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नये. औषध लागतेच.

इथे दोन गोष्टी विसरू नका. एक, पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरले तर नुसते टॉनिक पाजू नका. त्याला पाळी नाही, बाळंतपण नाही. मग रक्त जाते कुठे? मूळव्याध, पोटातला व्रण किंवा आतड्यातली गाठ, याचा शोध घ्यायला हवा. दुसरी गोष्ट, विदर्भातील आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. नुसत्या लोहाने तो बरा होत नाही. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी होते. लग्न जुळवताना पत्रिका पाहायची ती पाहा, पण त्या भागात दोघांची ही तपासणी आधी करा.

पांढऱ्या पेशी: धूर दिसला, आग कुठे?

प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्या वाढल्या की 'रक्तात इन्फेक्शन झाले' असे आपल्याला सांगितले जाते आणि घाबरून आपण इंजेक्शनचा कोर्स मागतो. पण या पेशी जंतुसंसर्गाखेरीज इतर कारणांनीही वाढतात. बाई गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली असेल, अंगमेहनत फार झाली असेल, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉईडच्या गोळ्या चालू असतील, तरी आकडा १२-१३ हजारांवर जातो. उलट विषाणूच्या तापात आणि खऱ्या टायफॉईडमध्येसुद्धा त्या पुष्कळदा कमी होतात.

त्यांच्यातलीच इओसिनोफिल नावाची पोटजात वाढली तर जंत किंवा ॲलर्जी यांचा संशय घेतात. मळणीच्या हंगामात भुसा नाकातोंडात जाऊन शिंका-खोकला होणाऱ्यांच्या कागदावर हा आकडा वाढलेला दिसतो. ईएसआर आणि सीआरपी या दोन तपासण्यांचेही असेच. त्या वाढल्या म्हणजे अंगात कुठेतरी दाह आहे, एवढेच कळते. धूर दिसला, पण आग गंजीला लागली की चुलीला, ते धुरावरून कळत नाही. ते डॉक्टरांनी माणूस तपासून शोधायचे.

म्हणून आकड्याच्या भीतीने स्वतः होऊन अँटिबायोटिक मागू नका. विषाणूच्या तापावर ते औषध चालत नाही. एकच कीटकनाशक वारंवार आणि कमी मात्रेत फवारले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे तुम्ही कापसावर पाहिले आहे. जंतूंचेही तसेच होते.

प्लेटलेट: आकड्यापेक्षा माणूस पाहा

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात, असे कागदावर छापलेले असते. डेंग्यूत त्या उतरतात हे खरे. पण इतर विषाणूंच्या तापातही लाख-सव्वा लाखापर्यंत त्या येतात आणि आपोआप वर जातात. काही जणांच्या रक्तात, नळीतल्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधामुळे, प्लेटलेटचे झुबके बनतात. यंत्र झुबक्याला एकच मोजते आणि आकडा खोटाच खाली दिसतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की खरे काय ते कळते. आकडा अचानक फार खाली आला आणि रुग्ण हिंडता-फिरता असला तर ही विचारणा अवश्य करावी.

डेंग्यूचा संशय असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम या तपासण्या करतात. डेंग्यू ठरला तरी जीव जातो तो बहुधा नुसता प्लेटलेटचा आकडा उतरला म्हणून नव्हे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळतो, त्याने जातो. आणि हे घडते ताप उतरू लागल्यावर! ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके पुढचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात. म्हणून या खुणा पाठ करा:

पोटात जोराने दुखणे. थांबत नाही अशी उलटी. हिरड्या-नाकातून रक्त येणे किंवा काळी शौचास होणे. हातपाय गार पडणे. लघवी फार कमी होणे. रुग्ण गुंगीत जाणे किंवा तळमळणे.

यातली एकही खूण दिसली तर प्लेटलेट दीड लाख असोत की पन्नास हजार, वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. खुणा नसतील, माणूस पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीही तो बरा होतो. रक्तस्राव नसेल तर साधारणतः १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवू नयेत, असे डेंग्यूसाठीचे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. तापाला पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखऱ्या अंगाच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे दूध यांवर विसंबून दवाखाना टाळू नका. पेज, ताक, नारळपाणी, मीठ-साखरेचे पाणी मात्र भरपूर द्या.

विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉईडच का?

आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांत अधिक गैरसमज कोणत्या तपासणीने केला असेल, तर विडालने. फ्रान्समधील विडाल नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली ही रीत प्रसिद्ध केली. त्या काळी ती मोठीच सोय होती. ती टायफॉईडचे जंतू शोधत नाही. त्या जंतूंविरुद्ध अंगाने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. आता जिथे टायफॉईड नेहमीचा आहे, तिथे पूर्वी केव्हा तरी जंतू अंगात येऊन गेलेले असतात, कोणाला लस टोचलेली असते, आणि दुसऱ्याच तापातही ही प्रतिद्रव्ये वर येतात. मग एका तपासणीत १:८० किंवा १:१६० असे दिसले, एवढ्यावरून टायफॉईड कसा म्हणावा?

खात्री करायची तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करतात. त्यात रक्तातले जंतूच वाढवून पाहतात. दोन-तीन दिवस लागतात, खर्चही थोडा अधिक. पण कोणते औषध लागू पडेल तेही त्यातून कळते. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. बरे झाल्यावरही विडाल कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. "अजून टायफॉईड गेला नाही" म्हणून दर महिन्याला ती करत राहणे आणि दरवेळी इंजेक्शने घेणे, म्हणजे पैशाचा आणि प्रकृतीचा नाश. ताप नाही, भूक लागते, ताकद येते आहे, तर कागद काहीही म्हणो, माणूस बरा आहे.

खरा टायफॉईड टाळायचा तर तो पाण्यातून टाळावा. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारा. जोखीम वाटली तर पाणी उकळून प्या.

शेतातले ताप, जे कागद सांगत नाही

विडालच्या आडोशाला शेतकऱ्यांचे काही ताप लपून राहतात. तुम्ही काय काम करता हे सांगितले नाही, तर ते डॉक्टरांच्या ध्यानात येत नाहीत.

लेप्टो: कोकणात भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना हा चांगलाच ठाऊक आहे. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. जोराचा ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणे, अशी त्याची चाल असते.

स्क्रब टायफस: गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्याच्या अळ्या चावल्याने हा होतो. २०१८ साली विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले. काखेत, जांघेत, कमरेला विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. ताप आला की ती घरच्यांनी मुद्दाम शोधावी. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त औषधाने हा बरा होतो. उशीर झाला तर प्राणावर बेततो.

ब्रुसेल्ला: गाय-म्हैस दिवस भरण्याआधी गाभडली आणि तुम्ही उघड्या हातांनी वार काढली, किंवा घरात कच्चे दूध प्यायले जाते, तर हा ताप येऊ शकतो. तो येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. महिनोन्‌महिने लोक टायफॉईड आणि मलेरियाची औषधे घेत राहतात. याची वेगळी रक्ततपासणी असते. दूध उकळून प्या, गाभडलेल्या जनावराला हात लावताना हातमोजे घाला, आणि ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी-पारड्यांना पशुवैद्यांकडून लस टोचून घ्या.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन सांगा: "डॉक्टरसाहेब, मी चिखलात लावणीला होतो," "गवत कापायला गेलो होतो," "आमची म्हैस गाभडली होती." हे एक वाक्य दहा तपासण्यांचे काम करते.

काविळीचे आणि लाजेचे आजार

एसजीपीटी वाढले म्हणजे यकृताला त्रास होतो आहे. कारण दारू असेल, यकृतावरची चरबी असेल, एखादे औषध किंवा मुळी-काढा असेल, नाहीतर कावीळ असेल. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप उतरते. म्हणूनच माळ घालणाऱ्याला आणि हात धुवून काढणाऱ्याला यश मिळते! परंतु गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी ठेवू नये. पाण्यातून येणारा एक प्रकार तिला फार घातक ठरतो.

हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही ही नावे कागदावर दिसली की घरात बोलणेच बंद होते. रक्तदान शिबिरानंतर 'तुमचा नमुना रिॲक्टिव्ह आहे' असा निरोप आला, तर समजा की ही पहिली चाळणी आहे, निकाल नव्हे. पुन्हा तपासून खात्री करावी लागते. एचआयव्हीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि नाव गुप्त राहते. नियमित औषधे घेणारा माणूस आज दीर्घ आयुष्य जगतो. हे दोन्ही आजार एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर बसल्याने, डास चावल्याने पसरत नाहीत. ते पसरतात रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. तेव्हा घरातल्या माणसाचे ताट वेगळे करू नका. दाढीचे पाते मात्र प्रत्येकाचे नवे, आणि इंजेक्शनची सुई प्रत्येक वेळी आपल्यासमोर फोडलेली हवी. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचतात. ती चुकवू नका.

कागद जपून ठेवा

सातबारा जसा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवता, तसे घरातल्या प्रत्येकाचे रक्ताचे कागद तारीखवार एका फाईलमध्ये ठेवा. मोबाईलमधला रिपोर्ट हरवतो. एका आकड्यापेक्षा चार वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरी चाल कळते. हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी १३, गेल्या साली ११.५ आणि आता १० असेल, तर तो उतार स्वतःच बोलतो. तपासणीसाठी आधी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. नेहमीच्या पुष्कळ तपासण्या तिथे मोफत होतात.

आणि डॉक्टरांपुढे बसलात की हे चार प्रश्न विचारा. यातला कोणता आकडा काळजीचा? तो कशामुळे झाला असेल? तो पुन्हा केव्हा तपासायचा? कोणती खूण दिसली तर रात्रीतून यायचे?

आपल्या गोष्टीतल्या सुनेचे काय झाले, ते राहिलेच. दिवाळीनंतर गावात शिबिर झाले. आशाताईंनी जुना कागद मागितला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, पेशींसाठी गाडी केलीत. या आकड्यासाठी फळीवरच्या गोळ्या तेवढ्या खाली काढा." सासूबाईंनी त्या काढल्या. त्या दिवसापासून रात्री जेवणे झाली की सुनेच्या हातावर गोळी आणि लिंबाची फोड त्याच ठेवू लागल्या. पहिल्या महिन्याच्या शेवटी आकडा ८.९ आला. अजून पुष्कळ चढायचे आहे. पण आता तिला विहिरीपासून घरापर्यंत येताना मध्ये थांबावे लागत नाही.

तुमच्या घरातही फळीवर असा एखादा कागद पडलेला असेल. आज संध्याकाळी दिवेलागणीला तो खाली काढा. चांदण्या मोजत बसू नका. पहिली ओळ वाचा.